ऑस्टॉमी पिशवीचा वास: घरगुती उपाय कोणते चालतात, कोणते टाळावेत?

आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर शौच किंवा लघवीसाठी जे तोंड काढले जाते, त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटवलेली पिशवी म्हणजे ऑस्टॉमी पिशवी. वासाच्या धास्तीने अनेक रुग्ण लग्नकार्य, बाजार, एसटीचा प्रवास टाळतात. काही जण जेवणही कमी करतात. अहेरीसारख्या ठिकाणी जिल्ह्याचे गाव शंभर किलोमीटरहून दूर आहे. अशा वेळी घरच्या घरी काय करता येते, हे माहीत असणे गरजेचे ठरते.

वास येतो कुठून?

पिशवीचे प्लास्टिक वास अडवणारे असते. त्यामुळे पिशवी रिकामी करताना वास येणे स्वाभाविक आहे. एरवीही वास येत असेल, तर चकती सुटली आहे किंवा पिशवीचे खालचे तोंड नीट पुसलेले नाही, असे समजावे. उन्हाळ्यात घामामुळे चकती लवकर सुटते. जास्तीच्या पिशव्या टिनाच्या छपराखाली तापत ठेवू नयेत.

काय करावे?

• पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. खालचे तोंड आतूनबाहेरून कागदाने पुसावे.
• काढता येणारी पिशवी पेलाभर पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून विसळता येते. पाणी चकतीपर्यंत जाऊ देऊ नये.
• लघवीच्या रात्रीच्या पिशवीसाठी एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी वापरावे, नंतर साध्या पाण्याने धुवावी.
• कांदा, लसूण, मुळा, कोबी, अंडी, सुकी मासळी यांनी वास वाढू शकतो. एकेक पदार्थ बंद करून पाहावा. दही-ताकाने काहींना फरक पडतो.
• संडासात लाकडी कोळशाचे तुकडे उघड्या भांड्यात ठेवावेत. तिथला वास थोडा कमी होतो.

काय करू नये?

• पिशवीत ॲस्पिरिनची गोळी टाकू नये. स्टोमाला जखम होऊन रक्त येऊ शकते.
• हवा काढण्यासाठी सुईने भोक पाडू नये. मग वास अडतच नाही.
• स्टोमाभोवती तेल, अत्तर, कडुलिंबाचा लेप किंवा राख लावू नये. कातडी चुरचुरते, चकती चिकटत नाही.
• कोळशाच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत. त्या इतर औषधांचा परिणाम कमी करतात.
• वासासाठी पाणी कमी पिऊ नये. लहान आतड्याच्या स्टोमातून पाणी आणि क्षार सतत जातात, उन्हाळ्यात धोका आणखी वाढतो. अशा रुग्णांनी वास्ते (बांबूचे कोंब) यांसारखे रेषेदार पदार्थ थोडे आणि नीट चावून खावेत, नाहीतर आतडे तुंबू शकते.

वापरलेली पिशवी रिकामी करून कागदात गुंडाळावी, दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावी. संडासात किंवा नाल्यात टाकू नये.

दवाखाना कधी गाठावा?

स्टोमा जांभळा-काळा पडला, रक्त थांबत नाही, लघवीला अचानक उग्र वास येऊन ताप आला, किंवा पोटदुखी-उलटीसोबत पिशवीत काहीच येत नसेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात लगेच दाखवावे. चकती वारंवार सुटत असेल, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात योग्य मापाची पिशवी मागावी. मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही अशा रुग्णांना मार्गदर्शन करते.