पंचवीस रेझिस्टरची शिडी

इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला मी एक डॅक बनवला होता. डॅक म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. आत आकडा घालायचा, बाहेर त्या प्रमाणात व्होल्टेज घ्यायचं. माझा आठ बिटचा होता, म्हणजे 0 ते 255. सर्किट पुस्तकातलंच, दोनच किमतींच्या रेझिस्टरचं: 10के आणि 20के. बुधवार पेठेत 20के काही मिळेना. दुकानदार म्हणाला, "22के घेऊन जा ना, काय फरक पडतोय?" मलाही पटलं. दोन किलोओहमनं काय होतंय!

व्हायचं ते झालं. आकडा एकेकाने वाढवला की व्होल्टेजही पायरी पायरीने चढायला हवं. माझ्याकडे 127 ला मीटर 2.55 दाखवत होता आणि 128 ला 2.42. आकडा वाढला आणि व्होल्टेज घसरलं, तेही जवळजवळ सात पायऱ्या! मधेमधे छोट्या घसरणी होत्याच, ही सगळ्यात मोठी. व्हायवाला काय झालं ते न सांगितलेलंच बरं :-)

पण त्या 22केमुळे मी या सर्किटची कुळकथा शोधायला लागलो. ती भलतीच रंजक निघाली.

सुरुवात होते पॅरिसमध्ये. तिथल्या आयटीटीच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलेक रीव्ह्ज नावाचा इंग्रज इंजिनिअर होता. टेलिफोनवरचा आवाज लांब जाता जाता खरखरीने भरून जातो, मग आवाजाऐवजी आकडेच पाठवले तर? आकडा वाटेत मळला तरी पुन्हा कोरा लिहिता येतो. 1938 साली त्याने या कल्पनेचं फ्रेंच पेटंट दाखल केलं. आपण आज ज्याला पीसीएम म्हणतो ते हेच. पण पलीकडे आकड्यांचा पुन्हा आवाज करायला हवा ना? त्यासाठी रीव्ह्जने वेळ वापरली: आकडा मोठा तर पल्स लांब. जमाना व्हॅक्यूम ट्यूबचा, त्यामुळे पेटंट झालं तरी प्रत्यक्षात यायला वेळ लागला.

1948 मध्ये बेल लॅब्जने 24 टेलिफोन संभाषणांची सात बिटची प्रायोगिक यंत्रणा दाखवली. तिच्यातला डॅक शॅनन आणि रॅक यांचा. शॅनन म्हणजे तोच, इन्फर्मेशन थिअरीवाला. गंमत बघा, त्याच्या कल्पनेत मूळ भाग दोनच: एक कपॅसिटर, एक रेझिस्टर. सगळ्यात लहान बिट आधी येतो, मोठा शेवटी. बिट 1 असेल तर कपॅसिटरला ठरावीक चार्ज मिळतो, आणि पुढचा बिट येईपर्यंत जमलेलं सगळं बरोबर निम्मं होतं. आधी आलेला बिट जास्त वेळा निम्मा झाला, म्हणून त्याचं वजन कमी. काय डोकं आहे! पण सगळा खेळ घड्याळावर. क्षण चुकला की आकडा चुकला. ही चूक कमी व्हावी म्हणून रॅकने त्यात आणखी एक सर्किट घातलं.

मग वेळेऐवजी वजनासाठी रेझिस्टरच वापरले तर? सरळ मार्ग असा: सगळ्यात मोठ्या बिटला 10के, पुढच्याला 20के, मग 40के... आठव्या बिटला 1.28 मेगओहम. कागदावर छान. पण एकमेकांच्या 128 पट असलेले रेझिस्टर सारख्याच अचूकपणे बनवायचे आणि गरम झाल्यावरही ते प्रमाण टिकवायचं, हे महाकठीण. मोठ्या बिटचा रेझिस्टर नुसता एक टक्का चुकला तरी चूक एका अख्ख्या पायरीपेक्षा जास्त. सोळा बिटला तर शेवटचा रेझिस्टर 327 मेगओहम!

1953 साली बी. डी. स्मिथ यांनी एका शोधनिबंधात डॅकसाठी रेझिस्टरची शिडी सुचवली. असं सुचवणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते. युक्ती अशी: शिडीच्या टोकाला दोन 20के समांतर जोडले की झाले 10के. त्यात सीरिजमध्ये एक 10के घातला की पुन्हा 20के! त्याला समांतर पुढचा 20के, पुन्हा 10के, पुन्हा तेच. कितीही बिट वाढवा, प्रत्येक पायरीला मागची शिडी 20केच दिसते, आणि म्हणून मागून आलेलं व्होल्टेज प्रत्येक पायरीला निम्मं होतं. शॅननने जे वेळेकडून करवून घेतलं, ते इथे नुसत्या रचनेतून होतं.

आता माझी चूक कळली असेल. या सर्किटला 10के 'अचूक' दहा असण्याशी देणंघेणं नाही. सगळे साडेनऊ असले आणि दुसरे एकोणीस, तरी शिडी खूश. तिला हवं फक्त दुप्पटीचं नातं. मी नेमकं तेच मोडलं होतं.

चिप बनवणाऱ्यांना हे फार सोयीचं पडलं. सिलिकॉनवर रेझिस्टरची नेमकी किंमत गाठणं अवघड, पण शेजारशेजारचे रेझिस्टर एकसारखे बनवणं त्यामानाने सोपं. 1974 मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसचा दहा बिटचा एडी7520 आला, त्याच्या पोटात हीच शिडी होती.

आणि सोयीचं पडलं ते खिसा रिकामा असलेल्यांनाही. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या कोव्हॉक्स कंपनीने 'स्पीच थिंग' काढलं. पीसीच्या प्रिंटर पोर्टला आठ डेटा लाइन असतात, तिथे ही शिडी लावायची आणि आवाज ऐकायचा. 1989 चं साउंड ब्लास्टर पूर्व युरोपातल्या पोरांना कुठलं परवडायला? त्यांनी घरीच रेझिस्टर डकवून कोव्हॉक्स बनवले. सोव्हिएत स्पेक्ट्रमच्या नकलांनाही लोकांनी ते जोडले. आवाज खरखरीत, पण आवाज!

असो. माझी शिडी मी दुरुस्त केली. 20के नाही ना मिळत, मग दोन 10के सीरिजमध्ये. एकूण पंचवीस 10के, सगळे एकाच पट्टीतले, मीटरने मोजून जास्तीत जास्त सारखे असलेले मोठ्या बिटकडे लावले. 127 ला 2.48, 128 ला 2.50. त्या एका पायरीकडे मी किती तरी वेळ बघत बसलो होतो.

कुणी 22के घ्या म्हणालं तर घेऊ नका. एवढंच!