शरीराचा अंतर्गत कारभार

मानवी शरीराच्या अभ्यासाला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जे पहिले क्रमिक पुस्तक पडते, त्यात शरीराची वाटणी अस्थिसंस्था, पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरणसंस्था, उत्सर्जनसंस्था, मज्जासंस्था अशा निरनिराळ्या संस्थांत केलेली असते. अध्ययनाच्या सोयीसाठी ही वाटणी अवश्य आहे. परंतु महसूल, खजिना, कोठार, टपाल आणि फौज या खात्यांची स्वतंत्र वर्णने वाचून एखादे राज्य कसे चालते हे जसे उमगत नाही, तसेच केवळ या संस्थांची वर्णने वाचून शरीर कसे जगते हे कळत नाही. एका खात्यातील तूट दुसरे खाते कसे भरून काढते, हुकूम कोठून सुटतो, तो कोणत्या वाटेने पोहोचतो आणि त्याची तामिली झाल्याची वर्दी कोणाला मिळते, हे समजल्यावाचून कारभाराचे मर्म हाती लागत नाही. शरीराच्या या कारभाराचा उलगडा होण्यास तीन शतके लागली. त्या प्रदीर्घ शोधाने जे सत्य प्रस्थापित केले ते असे, की शरीराचे स्थैर्य ही आयती लाभलेली अवस्था नसून प्रतिक्षणी चाललेल्या उद्योगाचे ते फळ आहे.

आरोग्य म्हणजे समतोल, ही कल्पना मात्र फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेने दोष, अग्नी, धातू आणि मल यांच्या समत्वात स्वास्थ्य पाहिले. ग्रीक वैद्यांनी रक्त, कफ, पीतपित्त आणि कृष्णपित्त या चार द्रवांच्या प्रमाणबद्धतेत ते पाहिले. या विचारांत सखोल अंतर्दृष्टी होती, यात संशय नाही. परंतु समतोल नेमका कशाचा, तो किती, आणि ढळल्यावर पूर्ववत होतो तो कोणत्या उपायाने, हे मोजून पाहण्याची साधने त्या काळी उपलब्ध नव्हती. प्राचीन वैद्य गेलन याच्या मताप्रमाणे रक्त अन्नापासून यकृतात निर्माण होते आणि अवयवांत खर्ची पडते. हे मत युरोपात चौदा शतके निर्वेध मान्य राहिले. पादुआच्या विद्यापीठात शिकून आलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने त्याला जो धक्का दिला, तो मुख्यतः गणिताच्या आधारे. हृदयाच्या एका ठोक्यासरशी बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण अत्यंत अल्प धरले, तरीही अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त साऱ्या शरीरातील रक्ताहून अधिक भरते. आणि इतके रक्त अन्नापासून नित्य नवे निर्माण होणे अशक्य असल्यामुळे तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे, हा त्याचा सिद्धांत १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १६६१ साली माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या, आणि हार्वेच्या साखळीतील निसटता दुवा मिळाला. सर्व अवयवांना जोडणारा रस्ता अशा रीतीने ठाऊक झाला. त्या रस्त्यावरून कोणती ने-आण होते, हे ठाऊक होण्यास आणखी दोन शतके जावी लागली.

मधल्या काळात शरीराच्या नियमनशक्तीचे एक विलक्षण प्रात्यक्षिक लंडन येथे घडले. चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे काही मित्र पाण्याच्या उत्कलनबिंदूहूनही अधिक तापविलेल्या कोरड्या खोलीत जाऊन उभे राहिले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी व मांस शिजून निघाले, पण या मंडळींच्या शरीराचे तापमान मात्र जवळपास नेहमीइतकेच राहिले. १७७५ साली प्रसिद्ध केलेल्या या वृत्तांतात ब्लॅग्डेनने घामाच्या बाष्पीभवनाकडे निर्देश केला, तथापि ते एकच कारण पुरेसे न वाटून जीवनशक्तीचाही आश्रय घेतला. निर्जीव मांस शिजते आणि सजीव देह शिजत नाही, हा भेद सर्वांच्या डोळ्यांसमोर आला. त्याची मीमांसा मात्र व्हावयाची होती.

त्या मीमांसेचा पाया ज्याने घातला, त्या क्लोद बर्नार याचा जन्म १८१३ साली फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात, एका सामान्य मळेकऱ्याच्या घरी झाला. लिओं शहरात औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करीत असताना त्याला नाट्यलेखनाचा छंद जडला. पुढे आपले नाटक घेऊन तो पॅरिसला गेला, तेव्हा तेथील एका समीक्षकाने त्याला पोटासाठी वैद्यकाचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. माझांदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा साहाय्यक म्हणून ओलसर, कोंदट प्रयोगशाळेत त्याने ज्या कामाला आरंभ केला, त्याने वैद्यकाची दिशा पालटली. साखर निर्माण करण्याचे सामर्थ्य वनस्पतींपाशीच आहे, प्राणी तिचा केवळ नाश करतात, असे त्या काळी मोठमोठे रसायनज्ञ मानीत. बर्नारने प्राण्यांना केवळ मांसाहारावर ठेवले, आणि त्यांच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात त्याला साखर आढळली. १८५५ साली त्याने ताज्या यकृताच्या रक्तवाहिन्यांतून साखरेचा अंशही उरू नये इतका वेळ पाण्याचा प्रवाह सोडला. ते धुतलेले यकृत तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी तपासले, तो त्यात विपुल साखर पुन्हा निर्माण झालेली होती! याचा अर्थ, यकृतात साखरेचे पूर्वरूप असा काही पदार्थ साठविलेला असला पाहिजे. आणि १८५७ साली त्याने तो पदार्थ, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळा काढला.

या शोधाचे महत्त्व केवळ यकृतापुरते नव्हते. प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात उपाशीपोटी अवघी पाच ग्रॅमच्या आसपास साखर असते. इतक्या तुटपुंज्या शिलकेवर मेंदूसारख्या अवयवाचा अहोरात्र निर्वाह चालतो, तो यकृताच्या कोठारातून तिची भर सतत पडत असल्यामुळेच. १८५१ च्या अखेरीस बर्नारने सशाच्या मानेतील एक मज्जातंतू छेदला, तेव्हा त्या बाजूचा कान उष्ण झालेला त्याला दिसला. रक्तवाहिन्यांचा संकोच-विस्तारही मज्जासंस्थेच्या अमलाखाली असतो, हे त्यातून पुढे स्पष्ट झाले. या साऱ्या निरीक्षणांतून त्याने असा व्यापक सिद्धांत मांडला, की शरीरातील पेशी खऱ्या अर्थाने बाह्य जगात राहतच नाहीत. त्या राहतात रक्त आणि लसिका यांच्या अंतर्गत परिसरात, आणि हा परिसर जितका स्थिर राखला जाईल तितके त्या प्राण्याचे जीवन बाह्य परिस्थितीच्या जाचातून मुक्त होईल. १८७८ साली तो निवर्तला, तेव्हा फ्रान्सने त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली. मात्र हे ज्ञान जिवंत जनावरांच्या यातनांतून मिळाले, आणि त्यापायी त्याची पत्नी व मुली त्याला दुरावल्या, याचा विसर त्याचे ऋण मानणाऱ्यांनीही पडू देऊ नये.

बर्नारचे हे संशोधन चालू असतानाच्या काळातच आपल्याकडे मुंबईस १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज स्थापन झाले, आणि १८५१ साली भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग आदी विद्यार्थी तेथून पदवी घेऊन बाहेर पडले. म्हणजे नव्या वैद्यकाशी महाराष्ट्राचा परिचय झाला, तो या शास्त्राच्या उभारणीच्या काळातच.

स्थैर्य राखले जाते हे मान्य झाले, तरी अवयवांना आज्ञा पोहोचते कशी, हा प्रश्न शिल्लक होता. सेंट पीटर्सबर्गच्या पाव्हलोव्ह या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या परंपरेत सर्व आज्ञा मज्जातंतूंवाटेच जातात असे मानले जाई. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक भाग मज्जातंतूंपासून पूर्णतः तोडला आणि त्यात सौम्य आम्ल घातले. तरीही स्वादुपिंडातून रस स्रवू लागला. मग त्यांनी आतड्याचे अंतस्त्वचेचे थर खरवडून आम्लात घोटले, गाळले आणि तो अर्क शिरेत टोचला. काही वेळाने रस पुन्हा स्रवला, आणि रक्तावाटे जाणारा रासायनिक जासूद, म्हणजेच संप्रेरक, प्रथमच पकडला गेला. पुढे पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेत हाच प्रयोग करून पाहण्यात आला, आणि त्या थोर शास्त्रज्ञाने आपल्या मताविरुद्धचा निष्कर्ष मान्य केला. मज्जातंतूंची वाट शीघ्र आणि नेमक्या ठिकाणी पोहोचणारी, तर संप्रेरकांची वाट संथ परंतु सर्वत्र पोहोचणारी. अशा दोन वाटांनी शरीराचे हुकूम सुटतात, हे तेव्हापासून निश्चित झाले.

या विखुरलेल्या सिद्धांतांना एका सूत्रात गोवण्याचे श्रेय हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉल्टर कॅनन यांचे. नव्यानेच सापडलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने ते मांजराच्या जठराची हालचाल पाहत असत, तेव्हा प्राणी बिथरताच ती हालचाल थांबते असे त्यांच्या ध्यानी आले. त्या धाग्याने ते अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या आघातावस्थेचा त्यांनी फ्रान्समध्ये अभ्यास केला. रक्तस्राव होताच त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, नाडी जलद होते, ऊतींतील द्रव रक्तात ओढला जातो आणि तहान लागते; हे सारे उपाय एकाच हेतूने, एकाच वेळी योजले जातात. १९२६ साली त्यांनी या स्वयंनियमनाला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले, आणि १९३२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा, की कोणतेही मान नियत मर्यादेपासून ढळू लागताच ते ढळणेच त्याच्या निवारणाची प्रेरणा होते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातला जेमतेम दीड लिटर टाकून देतात, बाकीचा परत घेतात. इतका प्रचंड जमाखर्च प्रतिदिनी होतो, म्हणूनच आपल्याला रक्त जसेच्या तसे राहिले असे भासते.

या विचाराला नाव मिळण्यापूर्वीच त्याचे फळ रुग्णांच्या पदरात पडले होते. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ साली दाखवले होते. १९२१ साली टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी त्या ग्रंथीतील नियामक द्रव्याचा अर्क मिळवला, आणि जानेवारी १९२२ मध्ये तो चौदा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलाला टोचण्यात आला. पहिला अर्क अशुद्ध ठरला. त्यांचे सहकारी कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या दुसऱ्या अर्काने मुलाची रक्तशर्करा उतरली. ज्या रोगात मुलांना केवळ अर्धपोटी ठेवून काही महिने जगवणे एवढेच वैद्याच्या हाती होते, त्या रोगात नियमनाचे हरवलेले एक साधन बाहेरून पुरवून जीव वाचवता येतो, हे सिद्ध झाले.

म्हणून शरीरशास्त्राच्या प्राथमिक शिक्षणात नियमनाचा विषय शेवटच्या प्रकरणात एखाद्या पुरवणीसारखा येऊ नये, असे मला कळकळीने वाटते. श्वसन शिकवताना रक्तातील कर्बद्विवायू वाढताच श्वास का वाढतो, हे शिकवावे. पचन शिकवताना जेवणानंतर चढणारी साखर कोण उतरवते, हे शिकवावे. त्वचा शिकवताना हुडहुडी आणि घाम यांचे प्रयोजन शिकवावे. अवयवांची नावे विद्यार्थी परीक्षेनंतर विसरेल, पण तहान, धाप आणि थरथर ही आपल्या देहाने केलेली तजवीज आहे हे ज्याला एकदा उमगले, तो स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या दुखण्याकडे अधिक समंजसपणे पाहील, आणि वैद्य झाल्यास शरीराच्या या तजविजीला अडथळा न करता तिला साहाय्य करणे हे आपले पहिले कर्तव्य मानील.