आकड्यांच्या घरात नावाला जागा

धागा १/५
चाकणच्या कारखान्यांखालची बरीच जमीन एकेकाळी शेतीची होती आणि तिची ओळख सातबाऱ्यावर होती. नमुना सातमध्ये गट क्रमांक, खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकार, 'इतर अधिकार'. नमुना बारामध्ये पिके. अंक आणि मजकूर एकाच कागदावर नांदत. तलाठ्याला जे सहज साधत होते, ते वैज्ञानिक गणिताच्या संगणकप्रणालींना दीर्घकाळ साधले नाही.

२/५
कार्यालयीन कामासाठी घडलेल्या कोबोलमध्ये (१९५९-६०) नाव आणि पगार एकाच नोंदीत बसत. अभियंत्यांची फोरट्रान (१९५७) मात्र एका सारणीत एकाच प्रकारची मूल्ये ठेवी. हा हट्ट निष्कारण नव्हता : सर्व घरे एका मापाची असली की हजारावे घर कोठे आहे, हे नुसत्या गुणाकाराने कळते. फोरट्रानला मिश्र नोंदी लाभल्या त्या थेट 'फोरट्रान ९०' आवृत्तीत.

३/५
१९७० च्या दशकाच्या अखेरीस क्लीव्ह मोलर यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी मॅटलॅब रचली. तिच्यात एकच प्रकार होता, सारणी. अक्षरेसुद्धा अंक म्हणूनच साठवली जात आणि सारणीतील प्रत्येक ओळ सारख्याच लांबीची लागे. रोमन लिपीत पिंपरी आणि चाकण प्रत्येकी ६ अक्षरांची, चिंचवड ९ चे. म्हणून पहिल्या दोघांपुढे तीन-तीन रिकाम्या जागा जोडणे भाग.

४/५
हे केवळ गैरसोयीचे नव्हते. इंजिनाच्या चाचणीत फेरे, तापमान, तारीख आणि 'काळा धूर' असा शेरा एकाच क्षणाचे असतात. आकडे एका सारणीत, शेरे दुसरीकडे. दोहोंना जोडणारा दुवा फक्त ओळीचा क्रमांक. एका सारणीतून एक ओळ वगळली की पुढचा प्रत्येक शेरा भलत्याच इंजिनाच्या माथी बसतो, आणि संगणक चकार शब्द काढत नाही. वाहनउद्योगावर जगणाऱ्या पट्ट्यात याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

५/५
१९९६ च्या मॅटलॅब ५ ने 'सेल' आणि 'स्ट्रक्चर' आणले : प्रत्येक कप्प्यात काहीही ठेवा. किंमत अर्थातच होती. प्रत्येक कप्प्याला स्वतःच्या माहितीसाठी जादा स्मृती लागे, आणि बेरीज करण्याआधी कप्पा उघडावा लागे. माझ्या मते खरी तडजोड २०१३ च्या 'टेबल' प्रकाराने साधली. त्यात स्तंभागणिक प्रकार एकच, परंतु आडव्या ओळीत नाव, तारीख, आकडा आणि शेरा एकत्र. ओळ हलली तर सगळे मिळून हलतात. सातबाऱ्याच्या रकान्यांची रचना याहून फार निराळी नव्हती.