वाटसरूंची दरी, रहिवाशांची दरी

नकाशावर टिकते ते नाव रहिवाशाने दिलेले असतेच असे नाही. कॅलिफोर्नियातील ‘डेथ व्हॅली’ हे याचे ठळक उदाहरण. १८४९ च्या डिसेंबरात सोन्याच्या ओढीने निघालेला एक तांडा जवळची वाट शोधताना या वाळवंटी दरीत अडकला. त्यातल्या विल्यम मॅन्लीने ती हकीकत १८९४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. दरीत त्यांच्यापैकी एकच जण दगावला असे मानले जाते. पण नाव पडले ते मृत्यूचेच.

पुढची नावेही त्याच वळणाची: भट्टीचा ओढा, वाईट पाणी, सैतानाचे गोल्फ मैदान. जिथून समुद्रसपाटीखाली ८६ मीटर असलेला मिठाचा तळ दिसतो, त्या कड्याला तर दांतेचेच नाव मिळाले. १८८० च्या दशकात खेचरांच्या गाड्यांतून येथला टाकणखार बाहेर जाई. १९२७ मध्ये टाकणखाराच्याच कंपनीने प्रवाशांसाठी आलिशान हॉटेल उघडले. नरकाची प्रतिमा आता पाहुण्यांना बोलावू लागली.

मात्र टिंबिशा शोशोनी लोकांना ही दरी नरक वाटली नाही. त्यांच्या नावातच येथल्या तांबड्या गेरूचा निर्देश आहे. खाली मेस्किटच्या शेंगा वेचायच्या, उन्हाळा तापला की डोंगरावर जायचे, शरदात पिन्यन पाइनच्या बिया गोळा करायच्या, असे त्यांचे वर्ष चाले. तळापासून पॅनामिंट डोंगरापर्यंतची चढउतार, जिला आपण आज गिर्यारोहण म्हणतो, ती त्यांची ऋतुचर्या होती.

१९३३ मध्ये दरी राष्ट्रीय स्मारक झाली आणि हे लोक स्वतःच्याच भूमीत उपरे ठरले. १९५० च्या दशकात, कुटुंबे उन्हाळ्यासाठी डोंगरावर गेली असता, उद्यान प्रशासनाने त्यांची काही मातीची घरे पाण्याचे फवारे मारून पाडली. ऋतूप्रमाणे स्थलांतर करणाऱ्याचे बंद घर सरकारी दृष्टीला ओसाड दिसले. १९८३ मध्ये जमातीला संघराज्याची मान्यता मिळाली. १९९४ मध्ये दरी राष्ट्रीय उद्यान झाली. २००० च्या कायद्याने सुमारे ७,७०० एकर जमीन जमातीकडे आली, त्यांपैकी ३१४ एकर भट्टीच्या ओढ्यापाशी, उद्यानाच्या ऐन मध्यावर.

प्रवासवर्णन वाचताना आणि शिकवताना आम्हांला म्हणूनच एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: लिहिणारा तेथून निघून जाणार होता, की तेथेच राहणार होता? वाळवंटाला ‘निर्जन’ म्हणणाऱ्या प्रत्येक वाक्याला हा प्रश्न विचारून पाहावा.