जॉन एव्हलिन आणि इंग्लंडचे वनमालक

ओकचें झाड मोठ्या जहाजाच्या उपयोगीं पडण्याजोगें होण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागतो. जो तें लावतो त्याच्या हातून तें तोडलें जात नाहीं, आणि जो तोडतो त्यानें तें लावलेलें नसतें. वन राजाचें असेल तर निदान राजाचे राखणदार तरी त्यावर असतात. परंतु खासगी मालकाच्या वनाचें भवितव्य त्या एका माणसाच्या समजुतीवर आणि गरजेवर अवलंबून राहतें. अशा मालकास नातवंडांच्या उपयोगाचें झाड लावण्यास कसें प्रवृत्त करावें, हा प्रश्न सतराव्या शतकांत इंग्लंडपुढें मोठ्या निकडीनें उभा राहिला. त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न एका पुस्तकानें केला.

तत्पूर्वीं कायद्याचा उपाय करून झाला होता. इंग्लंडांतील बऱ्याच खासगी वनांत झाडें जमिनीलगत तोडीत, आणि उसाच्या खोडव्याप्रमाणें बुंध्याला जे नवे धुमारे फुटत ते कांहीं वर्षांनीं पुन्हा तोडीत. सरपण, कोळसा, कुंपणाचे वासे हें सारें त्यांतून निघे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५४३ सालीं, असा कायदा झाला कीं, अशी तोड करतांना मालकानें एकरीं बारा झाडें मोठीं होण्यासाठीं उभीं ठेवावीं, आणि तोडीनंतर कांहीं वर्षें कुंपण घालून गुरें बाहेर राखावीं. नियम शहाणपणाचा होता. पण तो लिहिणाऱ्यांना झाडें मोजतां येत होतीं. कोणतें झाड ठेवावें आणि कां ठेवावें, हें मालकाला समजावून देण्याची सोय त्यांत नव्हती. बारा वेडींवाकडीं झाडें ठेवूनहि नियम पाळतां येतो!

पुढें १६४२ सालीं राजा आणि पार्लमेंट यांच्यांत युद्ध पेटलें. राजाच्या, धर्मपीठांच्या आणि राजपक्षीय सरदारांच्या जमिनी जप्त झाल्या व पुष्कळशा विकल्या गेल्या. नव्या मालकांना आपली मालकी किती दिवस टिकेल याचा भरंवसा नव्हता, म्हणून त्यांच्यापैकीं अनेकांनीं हातीं लागलेलें लाकूड विकून पैसा उभा केला. त्यांना केवळ लोभी म्हणणें सोपें आहे; पण ज्याला उद्यांची खात्री नाहीं तो शंभर वर्षांचा विचार काय म्हणून करील? १६६० सालीं दुसरा चार्ल्स गादीवर आला तेव्हां आरमाराला लागणाऱ्या ओकची चणचण सर्वांना जाणवूं लागली होती.

जॉन एव्हलिन हा या वेळीं चाळिशीचा होता. सरे परगण्यांतील वॉटन येथें १६२० सालीं त्याचा जन्म झाला. त्याच्या घराण्याची संपत्ति बंदुकीच्या दारूच्या कारखान्यांतून आलेली होती, आणि त्या दारूला लांकडाचा कोळसा लागतो; तेव्हां झाडांचा हा कैवारी झाडांच्याच राखेवर वाढला असें म्हटलें तरी चालेल. युद्धाचीं बरींचशीं वर्षें त्यानें फ्रान्स-इटलींत प्रवासांत घालविलीं, आणि परत आल्यावर लंडनजवळ डेप्टफर्ड येथें सेज कोर्ट नांवाच्या वाड्यांत संसार थाटला. शेजारींच आरमाराची गोदी होती. (याच वाड्यांत १६९८ सालीं रशियाचा बादशहा पीटर भाड्यानें राहिला, आणि त्याच्या मंडळींनीं एव्हलिनच्या जिवापाड जपलेल्या बागेची पार दुर्दशा करून टाकली.)

रॉयल सोसायटी ही विद्वत्सभा १६६० सालीं स्थापन झाली, व एव्हलिन तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होता. आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं १६६२ सालीं इमारती लांकडाविषयीं कांहीं प्रश्न या सभेकडे धाडले. आणखी तीन सभासदांनीं लिहिलेलीं टिपणें आणि स्वतःची माहिती एकत्र करून एव्हलिननें त्या वर्षींच्या १५ ऑक्टोबर रोजीं सभेपुढें निबंध वाचला. तोच वाढवून १६६४ सालीं ‘सिल्व्हा’ या नांवानें छापण्यांत आला. सभेच्या आज्ञेवरून छापलेला हा पहिलाच ग्रंथ होय.

ग्रंथांत प्लिनि, व्हर्जिल आदि प्राचीनांचे दाखले इतके आहेत कीं आजचा वाचक कधीं कधीं कंटाळतो. परंतु त्यांच्यामधून जी शिकवण वाहते ती अगदीं कामाची आहे. ओकचीं फळें कशीं पेरावीं, वाफ्यांतील रोपें केव्हां उपटून लावावीं, छाटणी कशी करावी, गुरांपासून कोंवळी लागवड कशी राखावी, तोड कोणत्या ऋतूंत करावी, हें सर्व त्यानें झाडागणिक वेगवेगळें सांगितलें आहे. रोप हलवितांना त्याची कोणती बाजू दक्षिणेकडे होती हें पाहून तशीच ठेवावी, असा त्याचा आग्रह आहे. सफरचंदें व त्यांचें मद्य यांवर एक पुरवणी आणि बागवानाचें एक मासवार पंचांगहि त्यानें सोबत जोडलें. हें पंचांग हातीं आल्यावर ज्याच्याकडे केवळ परसबाग आहे त्यालाहि पुस्तक घ्यावेंसें वाटलें असेल.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. हा ग्रंथ साध्या लांकूडतोड्यांसाठीं वा राखणदारांसाठीं नसून थोर कुळांतल्या सद्गृहस्थांसाठीं आहे, असें एव्हलिन स्वतःच स्पष्ट करतो. जमीन सद्गृहस्थांची होती हें खरें. पण कुऱ्हाड ज्याच्या हातीं त्याला शिकवणींतून वगळणें हें कोणत्याहि शिक्षकाला पटणार नाहीं.

लोखंडाच्या भट्ट्यांवर एव्हलिनचा मोठा रोष होता. त्यांच्या कोळशापायीं देशांतलीं वनें संपतात, त्यापेक्षां लोखंड अमेरिकेंतून आणावें, असें तो म्हणतो. आणि तरीहि त्याच ग्रंथांत तो आपल्या वडिलांची एक गोष्ट नमूद करतो. भट्टीला नियमानें जळण पुरवावें लागे म्हणूनच आपलीं वनें टिकलीं व सुधारलीं, असा वडिलांचा अनुभव होता. ज्या वनाला दरसालचें ठराविक गिऱ्हाइक आहे त्याला मालक कुंपण घालतो. ज्याचें कांहींच येत नाहीं तें मोडून तेथें नांगर धरतो. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा हा पुरावा एव्हलिननें लपविला नाहीं, हें त्याच्या प्रामाणिकपणाचें लक्षण आहे. त्या ग्रंथांतील हीच जागा कदाचित् सर्वांत मोलाची ठरावी.

त्याच काळांत फ्रान्सनें वेगळी वाट धरली. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें १६६९ सालीं वनांविषयीं मोठें फर्मान काढलें. समुद्राजवळच्या किंवा नौका चालणाऱ्या नद्यांजवळच्या खासगी मालकांनीं मोठीं झाडें तोडण्यापूर्वीं सहा महिने सरकारास कळवावें, अशी त्यांत ताकीद होती. इंग्लंडनें पुस्तक दिलें, फ्रान्सनें हुकूम दिला. आणि या दोहोंशीं ताडून पाहण्याजोगी तिसरी रीत आपल्याकडे सांपडते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाचा विचार केलेला आहे. आंबा व फणस हीं झाडें नौकांच्या उपयोगाचीं असलीं तरी त्यांस हात लावूं देऊं नये, कारण तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं पोटच्या पोरांसारखीं वाढविलेलीं असतात, असा त्यांतील आशय आहे. एखादें जीर्ण झाड घ्यावयाचेंच झालें तर धन्याला मोबदला देऊन, त्याला संतुष्ट करून घ्यावें; जबरदस्ती करूं नये. झाडाच्या मालकाचें मन राखल्यावांचून झाड राखलें जात नाहीं, ही जाण त्यांत स्पष्ट दिसते.

‘सिल्व्हा’चा परिणाम किती झाला? पुढील आवृत्तींत एव्हलिननें राजाला उद्देशून लिहिलें कीं, या ग्रंथाच्या प्रेरणेनें राज्यांत कोट्यवधि नसलीं तरी लक्षावधि झाडें लागलीं आहेत. ग्रंथकाराच्या अशा हिशेबांत थोडी सूट द्यावी लागते. तरी १६६४, १६७०, १६७९ आणि १७०६ अशा चार आवृत्त्या त्याच्या हयातींत तयार झाल्या, हें त्या काळच्या मानानें लहान यश नव्हे.

वॉटनची वडिलोपार्जित जहागीर थोरल्या भावाच्या मागें १६९९ सालीं, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीं, एव्हलिनकडे आली. १७०३ सालच्या नोव्हेंबरांत दक्षिण इंग्लंडवर जें भयंकर वादळ कोसळलें, त्यांत त्याचे दोन हजारांहून अधिक ओक उन्मळून पडले. ज्यानें आयुष्यभर इतरांना झाडें लावावयास शिकविलें त्यानें त्र्याऐंशीव्या वर्षीं खिडकींतून तें उजाड रान पाहिलें. तरीहि चौथ्या आवृत्तीचें काम त्यानें सोडलें नाहीं. १७०६ च्या फेब्रुवारींत तो वारला.

त्याचें काम पुढें इतरांनीं चालविलें. कला व उद्योग यांना उत्तेजन देण्यासाठीं १७५४ सालीं लंडनांत जी मंडळी स्थापन झाली, तिनें झाडें लावणाऱ्या जमीनमालकांना सोन्याचीं व रुप्याचीं पदकें दिलीं. यॉर्कच्या अलेक्झांडर हंटर या वैद्यानें १७७६ सालीं नव्या टीपांसह ‘सिल्व्हा’ पुन्हा छापलें. मात्र काळाचा विनोद असा कीं, १८०८ च्या कायद्यान्वयें डीनच्या सरकारी रानांत जहाजांसाठीं जे ओक लावले गेले, ते अर्धवट वाढतात न वाढतात तोंच १८६० सालीं ‘वॉरिअर’ ही लोखंडी अंगाची युद्धनौका पाण्यांत उतरली.

पहिल्या महायुद्धांत बाहेरचें लांकूड येण्याचे मार्ग अडले तेव्हां जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि १९१९ सालीं ब्रिटिश सरकारनें वनआयोग नेमला. दुसऱ्या युद्धांतील प्रचंड तोडीनंतर, १९४७ सालच्या कायद्यानें खासगी मालकांशीं करार करण्याची योजना सुरू झाली. मालकानें मंजूर आराखड्याप्रमाणें वन चालवावें आणि त्याची जमीन दुसऱ्या कामीं लावूं नये. त्याबदल्यांत सरकारनें त्याला खर्चास मदत द्यावी, असें त्या करारांचें स्वरूप होतें.