संयानची भगवती आणि चिंचणीचे ताम्रपट

डहाणू तालुक्यातल्या चिंचणीत १९५५ साली जमीन कसताना ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. दोन दानपत्रे राष्ट्रकूट काळातली, तीन शिलाहार काळातली. त्यांत येणारे संयान म्हणजे तलासरीच्या उत्तरेचे, आज गुजरातेत असलेले संजाण. तिथल्या भगवतीचे मंदिर कसे चालत होते, याचा हा समकालीन पुरावा आहे.

पहिला पट शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा, गादीवर राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र. संयान मंडळाचा कारभार मधुमती या ताजिकाकडे होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे मुहंमदचे संस्कृत रूप. नदी ओलांडायला फुकट नावा आणि साळीचा भात, कालवण, तूप वाढणारे अन्नछत्र ही त्याची कामे पटात नोंदली आहेत. अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने देवीची मठिका, म्हणजे मंदिरासह छोटा मठ, उभारली होती. तिच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि ब्राह्मणभोजनासाठी मधुमतीने राजाच्या संमतीने कानाडुक हे गाव व देवीहार गावातली काही जमीन दिली. एका मुसलमान अधिकाऱ्याने देवीच्या मंदिराला दिलेले हे दान आहे, आणि ते राजमान्य आहे.

राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातला पट तंट्याचा निकाल सांगतो. भिल्लमाल देवाच्या मंदिराशी मठिकेचा जमिनीवरून वाद होता. मठिकेने त्या देवाला दरसाल चाळीस द्रम्म (त्या काळची नाणी) द्यावेत, असे ठरले. इ.स. १०३४च्या पटात शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज मठिकेला तेलाचा घाणा देतो: देवीपुढच्या दिव्यासाठी, आणि येणाऱ्या ब्राह्मणांच्या पायांना लावायच्या तेलासाठी.

शिखर कसे होते, गाभारा केवढा होता, हे पट सांगत नाहीत. डहाणू तालुक्यातल्याच विवळवेढ्याच्या महालक्ष्मीशी या भगवतीचे नाते जोडायलाही त्यांत आधार नाही. पण मंदिर उभे राहते ते डागडुजीच्या तरतुदीवर, तेलावर, तांदळावर आणि शेजाऱ्याशी केलेल्या तडजोडीवर, हे त्यांच्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे वाचायला मिळते.

म्हणून डहाणू-तलासरीच्या शेतकऱ्यांना एक विनंती. नांगराला किंवा विहीर खणताना कोरीव अक्षरांचा पत्रा लागला, तर तो घासू नका, मोडीत घालू नका. तहसील कचेरीत कळवा. चिंचणीचे पट हाती आले, म्हणूनच संयानच्या भगवतीचा इतिहास लिहिता येतो.