भारहीनतेचा दृष्टीवर आघात

अंतराळ स्थानकात महिनोन्‌महिने वास्तव्य करणाऱ्या अनेक अंतराळवीरांना एक विलक्षण अनुभव येतो. दूरचे स्पष्ट दिसते, पण हातातील सूचनापत्रावरील अक्षरे पुसट होत जातात. या विकाराची गंभीर दखल 2011 मध्ये घेतली गेली. 6 महिन्यांची मोहीम करून परतलेल्या 7 अंतराळवीरांच्या तपासणीत 5 जणांच्या दृष्टिचेतेच्या मुखाशी सूज आढळली, तर 5 जणांचे नेत्रगोल मागील बाजूने चपटे झाले होते. सुमारे 300 अंतराळवीरांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीत दीर्घ मोहिमांवरील 60 टक्के जणांनी दृष्टी मंदावल्याचे नमूद केले. 2017 पासून हा विकार 'सॅन्स' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो.

पृथ्वीवर गुरुत्वाकर्षणामुळे शरीरातील द्रव पायांकडे ओढला जातो. भारहीन अवस्थेत तो डोक्याकडे सरकतो. त्यामुळे मेंदूभोवतीच्या द्रवाचा नेत्रगोलाच्या मागील भागावर परिणाम होत असावा, असे मानले जाते. मात्र नेमके कारण अद्याप निर्विवाद ठरलेले नाही. नेत्रगोल चपटा झाला की दृष्टिपटल किंचित पुढे येते आणि जवळचे वाचण्यासाठी अधिक क्रमांकाचा चष्मा लागतो. असे चष्मे 'नासा' अंतराळवीरांसोबत आधीच पाठविते.

डोळ्यांची तपासणी उड्डाणापूर्वी, उड्डाणादरम्यान आणि परतल्यानंतर अशी तिन्ही टप्प्यांवर होते. एमआरआय केवळ पृथ्वीवरच शक्य असते. स्थानकात संगणकाच्या पडद्यावरील अक्षरतक्ता, डोळ्यांतील दाब मोजणारे उपकरण, सोनोग्राफी आणि दृष्टिपटलाची छायाचित्रे यांचा आधार घेतला जातो. दृष्टिपटलाच्या थरांची जाडी दाखविणारे 'ओसीटी' यंत्र 2013 पासून तेथे वापरात आहे. स्थानकात नेत्रतज्ज्ञ नसतो. सहकारी अंतराळवीरच यंत्र हाताळतो आणि जमिनीवरील तज्ज्ञ प्रतिमा पाहून त्याला सूचना देतात.

या विकाराने कायमचे अंधत्व आल्याची नोंद नाही. परंतु नेत्रगोलातील काही बदल परतल्यानंतरही वर्षानुवर्षे टिकतात. शरीराच्या खालच्या भागात द्रव ओढून घेणाऱ्या रशियन 'चिबिस' पोशाखासारख्या उपायांवर संशोधन सुरू आहे. खरी कसोटी मंगळ मोहिमेची आहे. जाऊन-येऊन सुमारे 3 वर्षांच्या या प्रवासात पृथ्वीवरून संदेश पोहोचण्यास 20 मिनिटांपर्यंत वेळ लागू शकेल. अशा वेळी तज्ज्ञांच्या थेट मार्गदर्शनाविना आपल्या डोळ्यांची निगा अंतराळवीरांना स्वतःच राखावी लागेल.